उशिरा सापडलेला सूर

आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार इंग्रजी विद्येबरोबर मराठीत आला, असे साहित्येतिहासाच्या पुस्तकांतून सांगितले जाते. छापील आत्मचरित्रांपुरते ते खरे आहे. बाबा पदमनजींचे ‘अरुणोदय’ १८८८ साली निघाले. दादोबा पांडुरंगांचे आत्मचरित्र त्यांच्या मृत्यूनंतर पासष्ट वर्षांनी, १९४७ साली, अ. का. प्रियोळकरांनी उजेडात आणले. परंतु आयुष्य उतरणीला लागल्यावर मागे वळून पाहावे आणि जे दिसेल ते आपल्या माणसांपाशी बोलावे, ही ओढ छापखान्यापेक्षा पुष्कळ जुनी आहे. सतराव्या शतकातील संत बहिणाबाईंनी आपले जीवन अभंगांतून सांगितले आणि अखेरच्या काळात मुलाला आपल्या पूर्वजन्मांच्या कथाही ऐकवल्या. सांगणारी म्हातारी आई आणि ऐकणारा मुलगा, ही जोडी मराठी आत्मकथनाच्या अगदी आरंभी उभी आहे. पुढेही ती निरनिराळ्या वेषांत भेटत राहते.

उतारवयात लेखणी हाती घेणाऱ्या माणसाला स्वतःचा सूर सापडतो तो कसा, एवढाच प्रश्न या लेखात विचारात घ्यायचा आहे. या प्रकारची जुनी-नवी पुस्तके एकापाठोपाठ एक वाचली, तर एक गोष्ट लक्षात येते. यांतील बहुतेकांनी प्रथम दुसऱ्या कोणाबद्दल तरी लिहावयास घेतले होते. कोणी पतीबद्दल, कोणी राणीबद्दल, कोणी आपल्या संस्थानाबद्दल. आपले स्वतःचे आयुष्य लिहिण्याच्या योग्यतेचे आहे, असा विश्वास त्यांना आरंभी नसावा. लिहिता लिहिता मूळ हेतू मागे पडला आणि जिथे तो मागे पडला, तिथेच त्यांचा खरा आवाज ऐकू येऊ लागला.

या दृष्टीने आपल्या मध्य भारताशी निगडित असलेले पहिले उदाहरण विष्णुभट गोडसे यांचे. पेणजवळच्या वरसईचा हा भिक्षुक १८२७ साली जन्मला. घरात कर्ज झालेले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मथुरेस मोठा यज्ञ करणार आहेत, तेथे दक्षिणा चांगली मिळेल, या आशेने तो आपले चुलते रामभट यांच्यासह १८५७ साली उत्तरेकडे निघाला. महूच्या वाटेवर त्यांना शिपाई भेटले आणि होऊ घातलेल्या बंडाची कुणकुण लागली. पुढे झाशीचा वेढा त्यांनी शहराच्या आत राहून सोसला. शहर पडल्यानंतरची कत्तल आणि लूट पाहिली. मिळवलेले द्रव्य वाटेत लुटले गेले. शेवटी या भिक्षुकाने घरी आणली ती गंगाजलाची कावड, आणि त्या पाण्याने आईवडिलांना स्नान घातले.

ही हकिगत त्यांनी लिहून काढली ती १८८३ साली, म्हणजे घटनेनंतर पाव शतकाने, वयाची पंचावन्न वर्षे उलटल्यावर. लिहिण्याचा आग्रह केला तो चिंतामण विनायक वैद्यांनी. वैद्य हे पुढे इतिहासकार म्हणून आणि ग्वाल्हेर संस्थानचे न्यायाधीश म्हणून नावारूपाला आले. त्यांना हवी होती ती बंडाची आणि झाशीच्या राणीची डोळ्यांनी पाहिलेली माहिती. गोडसे भटजींनी ती दिली. परंतु ‘माझा प्रवास’ आज वाचताना मनात घर करून राहतो तो बंडाचा तपशील नव्हे. कुठे किती दक्षिणा मिळाली, कुठे उपास घडला, कोणाच्या घरी आश्रय मिळाला, कावड सांभाळताना काय काय संकटे आली, हे सांगणाऱ्या एका गरीब, भित्र्या, चौकस आणि आपल्या भित्रेपणाविषयी मोकळेपणाने बोलणाऱ्या माणसाचा तो आवाज आहे. काल्पीच्या वाटेवर तहानेने व्याकुळ झालेली राणी विहिरीपाशी येते, तो प्रसंग इतका जिवंत उतरला आहे. कारण तो लिहिणारा माणूस इतिहासकार नव्हे, त्या विहिरीवर पाणी काढायला गेलेला वाटसरू आहे.

या पुस्तकाचा पुढचा इतिहास आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिकच बोधप्रद आहे. लेखकाच्या हयातीत ते छापायचे नाही, असे ठरले होते. ज्या माणसाने बंडवाल्यांच्या राजधानीत दिवस काढले, त्याला सरकारची भीती वाटणे स्वाभाविकच होते. गोडसे भटजी निवर्तल्यावर १९०७ साली वैद्यांनी पुस्तक प्रसिद्ध केले, पण करताना काही मजकूर गाळला, काही बदलला आणि भाषेवर संस्कार केले. सुदैवाने मूळ हस्तलिखित त्यांनी नष्ट केले नाही. १९२२ साली ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाच्या स्वाधीन केले. त्या हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी १९६६ साली मूळ संहिता संपादून छापली. म्हणजे १८८३ साली उमटलेला आवाज आपल्या मूळ स्वरूपात वाचकांपर्यंत पोहोचायला त्र्याऐंशी वर्षे लागली. वैद्यांनी पुस्तक लिहवून घेतले आणि जपले, हे त्यांचे ऋण मोठेच आहे. तरीही लिहवून घेणाऱ्याच्या मनातील चौकट आणि लिहिणाऱ्याचा सूर या दोन गोष्टी वेगळ्या असतात, हे या एका पुस्तकाच्या दोन आवृत्त्यांवरून जितके स्पष्ट होते, तितके क्वचितच होत असेल.

गोडसे भटजींना निदान प्रवास तरी ‘माझा’ म्हणता आला. त्यांच्यानंतर अवघ्या काही वर्षांनी, १९१० साली, रमाबाई रानडे यांनी जे पुस्तक प्रसिद्ध केले, त्याचे नाव आहे ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’. या ‘आमच्या’कडे नीट पाहावे. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १९०१ साली निवर्तले. पुस्तकही त्यांच्या मृत्यूपाशी थांबते. त्यानंतर रमाबाईंनी स्वतःच्या बळावर जे सार्वजनिक कार्य उभारले, पुण्याची सेवासदन संस्था जी नावारूपाला आणली, त्याला या आठवणींत जागा नाही. तिथे त्या एकट्या होत्या, आणि एकटीच्या आयुष्याला ‘आमचे आयुष्य’ कसे म्हणायचे? पतीचे चरित्र सांगण्याच्या निमित्तानेच त्या काळच्या कुलीन विधवेला लेखणी धरता येत होती. असे असूनही, सासरच्या वडीलधाऱ्या बायकांचे टोमणे सोसत चालू ठेवलेले वाचन, इंग्रजीचे धडे, पतीचा न बोलता व्यक्त होणारा राग आणि त्या रागापुढे आपली झालेली तगमग, हे सारे त्या लिहितात तेव्हा न्यायमूर्ती क्षणभर बाजूला होतात आणि अकरा-बारा वर्षांची एक सून आपल्याशी बोलू लागते.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ही पतीच्या चरित्राच्या ओघातच जन्मली. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ साली वारले. त्यांचे चरित्र लिहावे म्हणून मुलगा देवदत्त साहित्य जुळवीत होता. त्याने आईला आठवणी लिहून द्यायला सांगितले. शाळेचे तोंड न पाहिलेल्या, लग्नानंतर पतीकडून अक्षर शिकलेल्या या बाईने लिहायला घेतले आणि टिळकांच्या चरित्राचे साहित्य बाजूलाच राहून तिथे लक्ष्मीबाई स्वतः उभ्या राहिल्या. १९३४ साली पहिला भाग आला तेव्हा त्यांनी साठी ओलांडली होती. चौथा भाग १९३७ साली आला, तो त्यांच्या मृत्यूनंतर.

‘स्मृतिचित्रे’चा आरंभ वाचकांना आठवत असेल. १८५७ च्या धामधुमीत आजोबांना झालेली फाशी आणि त्याचा धसका घेऊन वडिलांना जडलेले सोवळ्याचे वेड, जे मीठसाखरही धुऊन घेण्यापर्यंत गेले. ज्या बंडाची हकिगत गोडसे भटजींनी राणीच्या शहरात पाहिली, तेच बंड लक्ष्मीबाईंच्या पुस्तकात नाशिकजवळच्या एका घरातील स्वयंपाकघरात शिरते. एखाद्या इतिहासग्रंथात या सोवळ्याची नोंद होण्याचे कारण नव्हते. ती नोंद होऊ शकली, कारण लिहिणारीने काय महत्त्वाचे आणि काय क्षुल्लक हे दुसऱ्या कोणाला विचारले नाही. टिळकांच्या धर्मांतरानंतरची पाच वर्षांची ताटातूट सांगतानाही त्यांनी ना स्वतःला करुण केले, ना टिळकांना देव बनवले. त्या टिळकांवर हसतात, स्वतःवर त्याहून अधिक हसतात. असे हसायला वयाचे अंतर लागते. तिशीत लिहिले असते तर त्यात कदाचित राग उतरला असता. साठीनंतर त्याच आठवणीतून माणसे उतरली.

पतिपत्नींनी दोघांनीही आपापली कहाणी सांगितल्याचे एक उदाहरण कर्वे दांपत्याचे आहे. धोंडो केशव कर्वे यांचे ‘आत्मवृत्त’ १९१५ साली, सत्तावन्नाव्या वर्षी आले. आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांचे ‘माझे पुराण’ आले ते १९४४ साली, त्या ऐंशीच्या उंबरठ्यावर असताना. ते सिद्ध करण्याचे काम कावेरी कर्वे यांनी केले. अण्णांच्या पुस्तकात संस्था आहे, तिचे हिशेब आहेत, तत्त्व आहे. बायांच्या पुस्तकात त्या संस्थेपायी घरात काय पडत होते ते आहे. विधवा म्हणून पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात दाखल झालेली पहिली मुलगी, १८९३ साली पुनर्विवाह केल्यामुळे वाळीत पडलेली स्त्री, आणि एका ध्येयवेड्या माणसाचा प्रपंच ओढणारी गृहिणी ही एकच व्यक्ती आहे, हे बायांनी स्वतः सांगितले नसते तर अण्णांच्या पुस्तकावरून आपल्याला पुरते कळले नसते. दोन्ही पुस्तके खरी आहेत. परंतु दुसरे नसते तर पहिल्यालाच आपण पूर्ण सत्य मानून बसलो असतो.

येथवरची उदाहरणे पांढरपेशा वर्गातील आहेत. दलित स्त्रियांच्या आत्मकथनांनी या प्रवाहाला वेगळेच वळण दिले. सोलापूर जिल्ह्यात १९४२ पासून शिक्षिकेचे काम केलेल्या शांताबाई कांबळे १९८१ साली निवृत्त झाल्या आणि त्यानंतर त्यांनी आपली कहाणी लिहिली. १९८६ साली ती पुस्तकरूपाने आली ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ या नावाने. जन्मभर मुलांना प्रमाण मराठी शिकवणाऱ्या या बाईंना ‘माझ्या जन्माची’ असे लिहिता येत नव्हते, असे थोडेच आहे? त्यांनी ‘माज्या जल्माची’ हेच शब्द राखले, कारण आयुष्य ज्या बोलीत जगले गेले, ती सोडली असती तर आयुष्यच परके झाले असते.

त्याच वर्षी बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ पुस्तकरूपात आले. फलटणला आपल्या छोट्या दुकानात बसून, माल बांधायच्या रद्दीतले कागद वाचत वाचत त्या लिहू लागल्या. लिहिलेले पतीपासून आणि घरातील माणसांपासून वीस वर्षे लपवून ठेवले. फलटणला राहणाऱ्या अभ्यासक मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रोत्साहनाने १९८२ साली ते ‘स्त्री’ मासिकातून येऊ लागले. येथे सूर उशिरा सापडला असे म्हणता येणार नाही. सूर होताच. उशीर झाला तो ऐकणारे मिळायला. येथेही शीर्षकात ‘आमुचं’ आहे. पण रमाबाईंच्या ‘आमच्या’मागे पतीच्या आडून बोलणारी पत्नी होती, तर बेबीताईंच्या ‘आमुचं’मध्ये सारा महारवाडा आहे आणि त्याच्या वतीने बोलण्याचा अधिकार त्यांनी स्वतः घेतलेला आहे. एकाच सर्वनामाचा हा पाऊणशे वर्षांतील प्रवास मराठी आत्मकथनाचा इतिहास थोडक्यात सांगून जातो.

आता आपल्या भोपाळकडे वळू. १८१९ ते १९२६ या काळात या संस्थानाची सूत्रे चार बेगमांच्या हाती होती, आणि त्यांच्यापैकी तिघींनी लेखन केले. सिकंदर बेगमांनी मक्केच्या यात्रेचे वर्णन लिहिले, शाहजहान बेगमांनी ‘ताज-उल-इक्बाल’ हा भोपाळचा इतिहास लिहिला. शेवटच्या सुलतान जहान बेगम १८५८ साली जन्मल्या, १९०१ साली गादीवर आल्या आणि पन्नाशीच्या सुमारास त्यांनी उर्दूत आपले आत्मचरित्र लिहावयास घेतले. संस्थानाच्या इतिहासाचा पुढचा भाग, असेच त्याचे बाह्य रूप आहे. दरबार, खजिना, दौरे, खलिते यांची त्यात रेलचेल आहे. पण पहिल्या भागात या सरकारी भाषेला जागोजागी तडे जातात. आई आणि मुलगी एकाच शहरात राहून वर्षानुवर्षे एकमेकींना भेटल्या नाहीत, थोरली मुलगी बिल्कीस जहान अकाली गेली, हे लिहिताना राज्यकर्ती बेगम मागे सरते आणि आईने दूर लोटलेली मुलगी पुढे येते. पुढे त्यांचीच नात आबिदा सुलतान यांनी इंग्रजीत आठवणी लिहिल्या. वारसाहक्क सोडून १९५० साली पाकिस्तानात गेलेल्या या राजकन्येचे पुस्तक तिच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी, २००४ साली प्रसिद्ध झाले. आजीचा दरबारी आडपडदा नातीने ठेवला नाही. पण आजीने एकदा दार किलकिले केले होते, हेही विसरता येत नाही.

बेगमांच्या शहरात मराठी माणसे मोठ्या संख्येने आली ती त्यानंतर. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नवे मध्यप्रदेश राज्य झाले. विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले, नागपूरची राजधानी संपली आणि भोपाळची सुरू झाली. नागपूरच्या सचिवालयातील, तसेच ग्वाल्हेर-इंदूरच्या कचेऱ्यांतील कितीतरी मराठी कर्मचारी बिऱ्हाडे घेऊन येथे आले. त्याच वर्षी हेवी इलेक्ट्रिकल्स कंपनीची स्थापना झाली आणि कारखान्याबरोबर पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा या वसाहती उभ्या राहिल्या. एकेकाळी गावकुसाबाहेरचे असलेले बाग सेवनिया या वसाहतींच्या आणि पुढे झालेल्या विद्यापीठाच्या शेजाराने शहरात ओढले गेले. निवृत्तीनंतर क्वार्टर सोडून याच बाजूला घरे बांधलेली मंडळी पुष्कळ. नावातील ‘बाग’ आता नावापुरतीच उरली आहे.

सचिवालय हलले त्या वेळी पंचविशीत असलेला कारकून आज हयात असेल तर नव्वदी ओलांडून गेला असेल. या स्थलांतराचा राजकीय इतिहास राज्य पुनर्रचना आयोगाच्या अहवालात आणि राजपत्रांत आहे. नागपूरच्या महाल किंवा सीताबर्डीतून उठून आलेल्या गृहिणीला येथे पहिल्या उन्हाळ्यात काय वाटले, हिंदी शाळेतून परतलेले मूल मराठीत उत्तर देईनासे झाले तो दिवस कोणता, १९८४ च्या डिसेंबरातील त्या रात्री घरातून निघताना कोणी काय बरोबर घेतले, हे कोणत्याही अहवालात नाही. ते असलेच तर ट्रंकेच्या तळाशी ठेवलेल्या एखाद्या शंभरपानी वहीत आहे, आणि नाहीतर अद्याप कोणाच्या तरी मनात आहे.

अशा वह्या बहुतेक एकाच पद्धतीने सुरू होतात. कुलवृत्तान्त, मूळ गाव, कुलदैवत, वडिलांची नोकरी, मग स्वतःच्या नोकरीतील बढत्या आणि बदल्यांच्या तारखा. लिहिणाऱ्याला वाटते की, आयुष्याचा लेखी पुरावा द्यायचा तर तो सेवापुस्तिकेसारखाच द्यावा लागतो. ही पाने वाया जातात असे मात्र समजू नये. रमाबाईंना न्यायमूर्तींच्या आणि सुलतान जहान बेगमांना संस्थानाच्या आधाराची जशी गरज होती, तशी या मंडळींना बढत्यांच्या तारखांची असते. चार-दहा पानांनंतर एखादी तारीख चुकते, ती आठवताना त्या दिवशीचा पाऊस आठवतो, पावसाबरोबर कोणाचे तरी बोलणे आठवते, आणि तिथून वही बदलते.

प्रश्न असतो तो त्यानंतरचा. ही वही मुलगा किंवा सून संगणकावर उतरवून घेते, तेव्हा ‘शुद्ध’ करून घेते. ‘दूध तपवले’, ‘भाजी बनवली’, ‘त्याने मला टोकले’ अशी जी हिंदीच्या शेजाराने घडलेली येथील मराठी, ती पुणेरी वळणावर आणली जाते. भावजयीशी झालेले भांडण नातेवाईक वाचतील म्हणून गाळले जाते. हेतू चांगलाच असतो, वैद्यांचाही चांगलाच होता. परंतु वैद्यांनी मूळ हस्तलिखित जपले होते, म्हणून पोतदारांना ते सापडले. आपण संगणकावर मजकूर उतरवून झाला की वही रद्दीत घालतो. नातवंडांपैकी अनेकांना देवनागरी येते ती हिंदीमुळे, त्यामुळे आजीची मराठी त्यांना अक्षरओळखीपुरती तरी वाचता येईल. न समजलेला शब्द ते कोणाला तरी विचारतील. तो शब्दच ठेवला नाही, तर विचारण्याजोगे काही उरणार नाही.

साहित्यसंस्थांनी ज्येष्ठांसाठी लेखनस्पर्धा घ्याव्यात, त्यांच्या पुस्तिका काढाव्यात, हे सारे योग्यच आहे. पण स्पर्धेत विषय दिला जातो, शब्दमर्यादा असते आणि बोधपर शेवटाची अपेक्षा असते. देवदत्त टिळकांनी केले ते याहून साधे होते. त्यांनी आईला आठवणी लिहायला सांगितल्या, आणि तिने मागितलेल्यापेक्षा वेगळेच लिहून दिले तेव्हा ते वेगळेच छापले. आपल्या घरातील वृद्धांच्या बाबतीत एवढे जरी आपल्याकडून झाले, तरी भोपाळच्या मराठी घरांतील एका पिढीचा इतिहास तिच्याच शब्दांत राहील. त्यासाठी आज करायचे काम एकच आहे. वहीची मूळ प्रत, आहे त्या अक्षरात आणि आहे त्या भाषेत, सांभाळून ठेवायची, आणि जिथे वही नाही तिथे ती आणून द्यायची.